त्रिनिदाद बेटावरील सण आणि सिपारियाची माउली

(सुवर्णमहोत्सव सप्ताहात धर्मग्रामाच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या या सप्ताहात एका सायंकाळी आम्ही काही बोलावे, अशी महोत्सव समितीने विनंती केली, तेव्हा आपल्या मंदिराच्या पन्नास वर्षांचा वृत्तान्तच आम्ही सांगणार, अशी पुष्कळांची समजूत झाली असेल. तो वृत्तान्त आमच्याहून अधिक जाणत्या मंडळींनी लिहून काढला आहे आणि स्मरणिकेत तो आपणांस वाचावयास मिळेलच. आम्ही आज आपणांस घटकाभर फार दूर, कॅरिबियन समुद्रातील एका बेटावर नेणार आहोत. ते बेट आम्ही डोळ्यांनी पाहिलेले नाही. त्याची ओळख आम्हांस ग्रंथांतून झाली. परंतु तेथील लोकांचे सण आणि त्या सणांवर ओढवलेले प्रसंग यांविषयी वाचता वाचता आपल्याच अंगणातील एक प्रश्न आम्हांस वारंवार आठवू लागला. तो कोणता, हे ओघाने कळेल.

त्या बेटाचे नाव त्रिनिदाद. व्हेनेझुएला देशाच्या किनाऱ्यापासून, जेथे खाडी सर्वांत अरुंद आहे तेथे, ते अवघ्या 11 किलोमीटरांवर आहे. 31 जुलै 1498 रोजी कोलंबसाच्या दृष्टीस ते पडले आणि परमपवित्र त्रैक्याच्या नावाने त्याने त्याचे नामकरण केले. तेथे आधीपासून राहणाऱ्या लोकांस त्याने काही विचारले नाही, हे सांगावयास नकोच. पुढे सुमारे तीनशे वर्षे स्पेनचा अंमल होता. 1783 साली स्पेनच्या राजाने फर्मान काढून परदेशांतील कॅथलिकांस तेथे जमिनी देऊ केल्या. त्या आमिषाने फ्रेंच मळेवाले आपापले आफ्रिकी गुलाम घेऊन येऊन राहिले. 1797 साली इंग्रजांनी बेट जिंकून घेतले. 1838 साली गुलामगिरीचे उरलेसुरले बंधन तुटले, आणि उसाच्या मळ्यांवर राबावयास माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा मळेवाल्यांची नजर आपल्या देशाकडे वळली. 30 मे 1845 रोजी 'फतेल रझाक' नावाचे जहाज पहिले गिरमिटिये मजूर घेऊन तेथे पोहोचले. 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 44 हजार माणसे अशी गेली. त्यांतील बहुतेक भोजपुरी मुलखातील, कलकत्त्याच्या बंदरातून चढलेली, काही मद्रासकडील. 31 ऑगस्ट 1962 रोजी शेजारच्या टोबॅगो बेटासह त्रिनिदाद स्वतंत्र झाले. 2011 च्या जनगणनेत तेथे कॅथलिक शेकडा 21 ते 22, हिंदू शेकडा 18 आणि मुसलमान शेकडा 5 च्या आसपास होते. एवढ्या लहान जागेत एवढे लोक दाटीवाटीने राहिले म्हणजे एकाचा सण दुसऱ्याच्या कानावर पडल्यावाचून राहत नाही.

त्रिनिदाद म्हटले की जगास प्रथम कार्निव्हल आठवतो. आपल्यापैकी ज्यांचे नातलग गोव्यात आहेत, त्यांस इंत्रुज ठाऊक आहे. दोहोंचे मूळ एकच. राखेच्या बुधवारी चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो, त्याच्या आधी खाऊन पिऊन, नाचून गाऊन घ्यावे, ही युरोपातील कॅथलिक लोकांची जुनी रीत. त्रिनिदादात ती फ्रेंच मळेवाल्यांनी आणली. नाताळपासून राखेच्या बुधवारापर्यंत त्यांच्या वाड्यांत मुखवट्यांचे नाच आणि मेजवान्या चालत. ज्या गुलामांच्या घामावर हा सारा थाट उभा होता, त्यांनी दाराबाहेर उभे राहावे. गुलामगिरी सुटल्यावर तेच लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांनी तो सण आपला केला.

त्यांनी त्याची सुरुवात कशाने केली, ते पाहण्यासारखे आहे. मळ्यात उसाला आग लागली की गुलामांस रात्री-अपरात्री मशाली देऊन, चाबकाच्या धाकाने आग विझवावयास व जळका ऊस तोडावयास पिटाळीत. जळक्या उसाला फ्रेंच भाषेत जे शब्द आहेत, त्यांवरून या प्रसंगास 'कानबुले' असे नाव पडले. सुटका झालेल्या लोकांनी तो दुःखाचा देखावाच मशाली, ढोल आणि काठ्यांच्या द्वंद्वासह उत्सव म्हणून रस्त्यावर उभा केला. ज्या गोष्टीने पाठीवर वळ उठविले, तिचीच मिरवणूक काढावयाची, यात जो मानीपणा आहे, तो सरकारी अंमलदारांस कसा कळावा? त्यांना त्यात दंगल, नंगेपणा आणि आगीची भीती एवढेच दिसले. पोलिसांचा मुख्य कॅप्टन बेकर याने 1880 साली मशाली, काठ्या आणि ढोल काढून घेतले. 1881 साली तो पुन्हा तसेच करावयास गेला, तेव्हा लोक तयारीने उभे होते. पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांत रात्रीच्या काळोखात मोठी चकमक झाली. शेवटी गव्हर्नर फ्रीलिंग याने स्वतः लोकांपुढे येऊन समजुतीची भाषा केली आणि पोलिसांस बराकीत ठेवले, तेव्हा सण पार पडला. परंतु 1884 साली कायदा झाला आणि मशालींच्या मिरवणुका बंद झाल्या. ढोलावरही बंदी आली.

आता ढोल गेला म्हणून पाय थांबतात थोडेच! लोकांनी बांबू तोडले. जाड बांबूचे तुकडे जमिनीवर आपटावयाचे, बारीक तुकडे एकमेकांवर वाजवावयाचे, आणि त्या लांबी-जाडीच्या फरकातून निरनिराळे नाद काढावयाचे. याला ते 'तांबू बांबू' म्हणत. बांबू आपटून आपटून फुटे. मग 1930 नंतरच्या वर्षांत कोणी बिस्किटांचे पत्र्याचे डबे घेतले, कोणी कचऱ्याच्या डब्याचे झाकण, कोणी मोटारीचा टाकाऊ भाग. पत्र्याला जेथे पोचा पडतो, तेथे नाद बदलतो, असे त्या गरीब वस्त्यांतील पोरांच्या ध्यानात आले. त्रिनिदाद हा खनिज तेलाचा देश. त्यातून दुसऱ्या महायुद्धात तेथे अमेरिकन लोकांचा मोठा तळ पडला होता. तेलाच्या रिकाम्या पिंपांना तोटा नव्हता. पिंपाचा तळ हातोडीने ठोकून वाटीसारखा खोल करावयाचा, त्यावर सुरांच्या जागा आखावयाच्या, पत्रा तापवावयाचा आणि मग एकेक सूर ठोकून लावावयाचा, अशा रीतीने 'स्टीलपॅन' हे वाद्य जन्मास आले. युद्धकाळात कार्निव्हल बंद होता. 1945 साली युद्ध संपल्याच्या आनंदात लोक रस्त्यावर आले, तेव्हा ही पिंपे त्यांच्या गळ्यांत होती.

या वाद्याला आरंभी केवढी अप्रतिष्ठा सोसावी लागली! पॅन वाजविणारा तो गुंड, अशी समजूत होती. आया मुलांस त्या वाटेला जाऊ देत नसत. वादकांच्या टोळ्यांत मारामाऱ्याही होत, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. 1951 साली निवडक वादकांचे एक पथक इंग्लंडातील महोत्सवास गेले आणि तेथे वाहवा मिळाल्यावर घरच्यांचेही डोळे उघडले. (परक्याने वाखाणल्यावाचून आपल्या वस्तूची किंमत न कळणे, हा रोग एकट्या त्रिनिदादाचा आहे, असे समजू नये.) 1992 साली पॅन हे राष्ट्रीय वाद्य ठरले, 2023 साली संयुक्त राष्ट्रसंघाने 11 ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन म्हणून मानला, आणि 2025 साली तेथील संसदेने राष्ट्रचिन्हातील कोलंबसाची तीन गलबते काढून त्या जागी स्टीलपॅन घालण्याचा कायदा केला. ज्या ढोलावर बंदी घातली, त्याचाच हा नातू. आज तेथील मंदिरांत पवित्र मिस्सेच्या वेळी पॅनवर स्तुतिगीते वाजतात.

धर्मगुरू या नात्याने कार्निव्हलची सरसकट भलावण आम्हांस करवत नाही. दारूचा सुकाळ, अंगप्रदर्शनाची चढाओढ आणि एका दिवसाच्या पोशाखासाठी महिन्याचा पगार घालविणे, या गोष्टी तेथील शहाण्या माणसांसही खटकतात. जुन्या सोंगांची जागा विकतच्या मणी-पिसांनी घेतली, अशीही तक्रार आहे, आणि ती आम्हांस रास्त वाटते. कारण जुनी सोंगे खरोखर बुद्धिमंतांची होती. उंच काठ्यांवर चालणारा 'मोको जंबी', लांबलचक बढाया मारून पैसे मागणारा 'मध्यरात्रीचा दरोडेखोर', फाटक्या चिंध्यांत राहून अवघड शब्दांची अक्षरे फोड करून सांगणारा विद्वान विदूषक, अंगास काकवी फासून हिंडणारा सैतान: प्रत्येकाच्या पाठीमागे काहीतरी टोचून सांगण्याचा हेतू. सोमवारी पहाटे काळोखात, चिखल आणि रंग माखून, हा सण सुरू होतो आणि मंगळवारी मध्यरात्री थांबतो. बुधवारी सकाळी पुष्कळजण राख लावून घेण्यासाठी मंदिरात रांग लावतात. काही मंडळी थेट समुद्रकिनाऱ्यावर झोपावयास जातात, हेही खरे आहे.

ज्या 1884 सालाचा उल्लेख आम्ही केला, त्याच वर्षी दुसऱ्या एका सणावर याहून भयंकर प्रसंग गुदरला. तो सण मोहरमचा. आपल्या महाराष्ट्रात ताबूत निघतात आणि गावोगावचे हिंदू त्यांत भाग घेतात, हे आपण पाहिलेले आहे. गिरमिटियांनी तीच रीत समुद्रापार नेली. हुसेनच्या नावाचा जो घोष होई, त्यावरून तेथे या सणालाच 'होसे' म्हणू लागले. बांबू, कागद आणि चमकी यांचे मनोऱ्यांसारखे ताजिये कित्येक आठवडे खपून बांधावयाचे. बांधणाऱ्यांनी तेवढे दिवस मांस-मद्य वर्ज्य करावयाचे. मग रात्री मिरवणूक. हसनच्या नावाचा हिरवा चंद्र आणि हुसेनच्या नावाचा तांबडा चंद्र, असे दोन मोठे चंद्र बलदंड माणसे खांद्यावर घेऊन नाचवितात आणि एका क्षणी ते एकमेकांस भेटवितात. यांपुढे जे वाद्य वाजते त्याचे नाव 'तासा', म्हणजे आपला ताशाच. वाजविण्यापूर्वी त्याचे कातडे शेकोटीवर तापवून ताणून घेतात, हेही अगदी आपल्याकडच्याप्रमाणे. शेवटी ताजिये समुद्रात सोडतात.

त्या साली साखरेचे भाव कोसळले होते, मळ्यांवर असंतोष होता, आणि हजारो मजूर ढोल-ताशांसह शहरात शिरणार या कल्पनेने सरकार धास्तावले. मिरवणुकींनी शहरात येऊ नये आणि हमरस्ता ओलांडू नये, असा हुकूम निघाला. हा आमच्या धर्माचा आचार आहे, तो बंद करू नये, असा मजुरांनी अर्ज केला. त्या अर्जाचा पुढारी सुखू नावाचा एक हिंदू होता, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. अर्ज फेटाळला गेला. 30 ऑक्टोबर 1884 रोजी सॅन फर्नांडो शहराच्या वेशीवर ताजिये घेऊन लोक आले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. किमान सोळा माणसे मेली, शंभराच्या आसपास जखमी झाली. पुढे जमैकाचा गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन याच्याकडून चौकशी करविली गेली आणि पोलिसांच्या हातून काही वावगे घडले, असा निष्कर्ष निघाला नाही. असो. होसे मात्र बंद पडला नाही. पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात आणि नैऋत्येच्या टोकाला सेडरोस येथे आजही तो निघतो. चंद्र पाहावयास आणि ताशा ऐकावयास सर्व धर्मांचे लोक गोळा होतात.

बंदीची आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. 'स्पिरिच्युअल बाप्टिस्ट' नावाचा आफ्रिकी वंशाच्या गरीब ख्रिस्ती लोकांचा पंथ तेथे आहे. घंटा वाजविणे, मोठ्याने गाणे, आत्म्याच्या संचाराने अंग थरथरणे या त्यांच्या प्रार्थनेच्या रीती शेजाऱ्यांस उपद्रवकारक ठरवून 1917 साली त्यांची उपासनाच कायद्याने बंद केली गेली. चौतीस वर्षे ते लोक चोरून प्रार्थना करीत राहिले. 30 मार्च 1951 रोजी तो कायदा रद्द झाला. आज 30 मार्च ही त्या देशात सार्वजनिक सुट्टी आहे.

फगवा म्हणजे होळी, आणि दिवाळी, यांचे वर्णन येथे फार करावयास नको, कारण ते सण आपल्या शेजारघरचे आहेत. एवढेच सांगतो की, भोजपुरी बोली नातवंडांच्या तोंडून जवळजवळ गेली, परंतु फगव्यातील चौताल ढोलक-झांजांसह राहिला. दिवाळीस तेथे बांबू चिरून, वाकवून, त्यांच्या कमानी करतात आणि त्यांवर शेकडो पणत्या लावतात. 1966 सालापासून दिवाळीची सुट्टी सर्वांना आहे. फेलिसिटी नावाच्या खेड्यात मोकळ्या मैदानावर रामलीला होते. शेजारच्या सेंट लुशिया बेटाचा कवी डेरेक वॉलकॉट यास 1992 साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याने आपल्या व्याख्यानाचा आरंभ याच रामलीलेपासून केला. मेथडिस्ट घरात वाढलेल्या माणसास जगापुढे बोलताना हे आठवावे, यातच त्या बेटांचे रहस्य आहे.

आता आपल्या कॅथलिक सणांकडे वळू. अरिमा गावी संत रोझचा सण ऑगस्टच्या अखेरीस होतो. बेटावरील मूळच्या लोकांची जी थोडी वंशपरंपरा उरली आहे, तिचा हा सण. कापुचिन मिशनऱ्यांनी अठराव्या शतकात तेथे मिशन वसविले आणि लिमा शहराच्या संत रोझच्या चरणी गाव अर्पण केला. अमेरिका खंडातून संतपदास चढविलेली ती पहिली व्यक्ती, त्यामुळे ही निवड उचितच होती. मूळच्या लोकांची जमीन गेली, भाषा गेली. वर्षातून एकदा आपण कोण हे जाहीर करावयास त्यांस एकच दिवस उरला, तो या संतिणीचा. ऑगस्टच्या पहिल्या तारखेस पहाटे टेकडीवर तोफ डागून सणाची वर्दी देतात. त्यांच्यातील एका वडीलधाऱ्या स्त्रीस 'राणी' म्हणतात. मूर्ती सजविणे, मंदिर झाडून पुसून घेणे, मिरवणुकीची व्यवस्था लावणे हे तिच्या देखरेखीखाली चालते. 13 ऑक्टोबर 2017 रोजी त्या देशाने मूळच्या लोकांच्या सन्मानार्थ एक दिवसाची सुट्टी दिली. एकच वेळ, पुढे नाही.

नाताळात तेथे जे 'परांग' चालते, ते ऐकून मात्र आपल्या तरुण मंडळींच्या तोंडास पाणी सुटेल. व्हेनेझुएलाहून कोकोच्या बागांत काम करावयास आलेल्या लोकांनी ही रीत जतन केली. लोपिनो, पॅरामिन अशी डोंगरातली गावे यासाठी प्रसिद्ध आहेत. चार तारांचे 'क्वात्रो', बी घातलेल्या वाळक्या फळांचे खुळखुळे आणि गिटार घेऊन मंडळी रात्री निघतात. घराचे दार बंद असते. बाहेर उभे राहून प्रथम आगमनाचे गाणे म्हणावयाचे. ते ऐकून घरधन्याने दार उघडावयाचे. आत गेल्यावर गाब्रिएल दूताचा निरोप, बेथलेहेमची वाट, बाळ येशूचा जन्म अशी गाणी क्रमाने व्हावयाची. मग केळीच्या पानात गुंडाळून उकडलेले, मक्याच्या पिठात मांसाचे सारण भरलेले 'पास्तेल' आणि पेये. शेवटी निरोपाचे गाणे, आणि पुढचे घर. हे तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे 6 जानेवारीपर्यंत चालू राहते.

गंमत अशी की ही गाणी स्पॅनिश भाषेत आहेत आणि गाणाऱ्यांतील बहुतेकांस आज स्पॅनिश बोलता येत नाही. आजीने शिकविले तसे नात म्हणते. कोणी यास हसेल. आम्ही हसणार नाही. आपल्या पणज्या लॅटिन प्रार्थना न चुकता म्हणत आणि त्यांतील एका शब्दाचाही सरळ अर्थ त्यांस सांगता आला नसता. परंतु कोणत्या शब्दाला गुडघे टेकावयाचे, हे त्यांस पक्के ठाऊक होते. आणखी एक गोष्ट. जे पॅरामिन गाव नाताळात बाळ येशूची गाणी गाते, त्याच गावचे तरुण कार्निव्हलच्या सोमवारी अंगाला निळा रंग फासून, डबे बडवीत, सैतान बनून रस्त्यावर आरोळ्या ठोकतात. तेथील विगाराची मनःस्थिती काय होत असेल, याची आम्हांस कल्पना येते.

ज्यासाठी हा एवढा प्रवास केला, ते ठिकाण आता आले. बेटाच्या दक्षिणेस सिपारिया नावाचे गाव आहे. तेथील मंदिरात पवित्र मरियेची 'दिव्य मेंढपाळीण' या नावाची मूर्ती आहे. या नावाची भक्ती 1703 साली स्पेनमधील सेव्हिल शहरात एका कापुचिन साधूने सुरू केली; आपल्या पुत्राची मेंढरे राखणारी माता, असे तिचे रूप. कापुचिनांनीच ती त्रिनिदादात आणली. मूर्ती सावळी आहे. एका स्पॅनिश धर्मगुरूचा जीव तिने वाचविला आणि त्याने ती मुख्य भूमीवरून येथे आणली, असे सांगतात. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी कॅथलिक लोक तिचा सण करतात. पांढऱ्या पोशाखातील मुले, फुले, बँड, आणि गावाच्या रस्त्यांतून मिरवणूक.

परंतु पवित्र गुरुवारी रात्री आणि शुभ शुक्रवारी तेथे जी गर्दी होते, ती कॅथलिकांची नव्हे. ती हिंदूंची असते, आणि ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आलेली आहे. ते तिला 'सिपारी माई' म्हणतात. उसाच्या मळ्यांतून चालत, पुढे बैलगाड्यांनी, नंतर आगगाडीने आणि आता मोटारींनी ते येतात. तेल, तांदूळ, फुले, मेणबत्त्या, सोन्याची बांगडी असे जे ज्याला जमेल ते वाहतात. मूल होत नसलेल्या स्त्रिया नवस बोलतात. झालेल्या मुलाचे जावळ तेथेच आवारात काढतात, त्यासाठी न्हावी बसलेले असतात. वाटेवर भिकारी रांगेने बसतात आणि प्रत्येकाच्या ओंजळीत काहीतरी पडते. माई सकाळी बालिका असते आणि सायंकाळपर्यंत वृद्धा होते, असे जुनी माणसे सांगत. आमच्या सेमिनारीतील ईशज्ञानाच्या पुस्तकांत याला आधार नाही. पण सकाळी शेतावर जाताना कोवळी असलेली पोर कष्टाने सांजवेळी म्हातारी होऊन परतते, हे त्या मळ्यावरील बायांनी पाहिले होते. त्यांनी माउलीस आपल्यासारखे पाहिले असेल, तर आम्हांस त्यात राग येण्यासारखे काही दिसत नाही.

अडचण केवढी होती, पाहा. वर्षातील सर्वांत पवित्र असे ते दिवस. पवित्र गुरुवारी सायंकाळी प्रभुभोजनाची मिस्सा, नंतर पवित्र साक्रामेंतापुढे जागरण. शुक्रवारी क्रूसाची उपासना. नेमक्या त्याच वेळी दारात तेलाच्या बाटल्या आणि रडणारी तान्ही मुले घेऊन हजारो माणसे उभी! दार लावून घेतले असते, तरी कोणी बोल लावला नसता. तेथील धर्मगुरूंनी काय केले? माउलीची मूर्ती त्या दोन दिवसांसाठी मंदिरातून काढून शेजारच्या सभागृहात ठेवू लागले. मंदिरात मिस्सा आणि जागरण निर्वेध चालते. सभागृहात माईच्या लेकरांची रांग चालते. कोणाच्याही विधीत कोणी ढवळाढवळ करीत नाही. सर्व धर्मांविषयीच्या वृत्तीचे जे घोषणापत्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी प्रसिद्ध केले, त्याच्या कितीतरी आधीपासून सिपारियाच्या लोकांस ही गोष्ट साधली होती.

येथे काही भाविक शंका काढतील, आणि ती काढणे त्यांचा अधिकार आहे. आराधना एका परमेश्वराची. मरिया माउलीस आपण मान देतो, तिच्याकडे मध्यस्थी मागतो. आणि तेथे तर लोक तिला देवी समजून पूजतात. मग ही गोष्ट चालू देणे म्हणजे चुकीच्या समजुतीस हातभार लावणे नव्हे काय? आमचे उत्तर असे. आपली शिकवण काय आहे, हे सिपारियाच्या व्यासपीठावरून लपविले जात नाही. मिस्सा ती मिस्साच राहते आणि साक्रामेंत ज्याला घ्यावयाचा, त्यालाच दिला जातो. परंतु मातेपाशी जो आला, त्याच्या मनात नेमकी कोणती व्याख्या आहे, याची उलटतपासणी दारात करावयाची नाही. कानाच्या लग्नातील माउलीने यजमानाची अडचण ओळखली, तेव्हा तो कोणाचा कोण, हे विचारले नव्हते. आपल्या वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत सप्टेंबरमध्ये मेणाचे हात-पाय घेऊन डोंगर चढणारांत बिगर-ख्रिस्ती किती असतात, हे आपण जाणताच. त्यांना कोणी परत पाठविल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आता तो प्रश्न. आपल्या माउलीच्या नोव्हेनेस गावातील इतर धर्मांची माणसे फार वर्षांपासून येतात. अलीकडे संख्या वाढली. तेल सांडते, हार पायांखाली येतात, मिस्सा चालू असता रांग गडबड करते, चपलांचा ढीग पडतो. या तक्रारी खऱ्या आहेत. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या वर्षापासून आवारास कुंपण घालावे आणि नोव्हेनेच्या नऊ दिवसांत धर्मग्रामातील कुटुंबांसच पास देऊन आत सोडावे, अशी एक लेखी सूचना समितीपुढे आली आहे. ज्यांनी ती केली, ते मंदिरासाठी राबणारे सज्जन आहेत आणि त्यांच्या हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही.

तरी ती सूचना आम्हांस मान्य नाही. पोलिसांनी ढोल हिरावले, तेव्हा काय झाले आणि काय झाले नाही, ते आपण ऐकलेत. सॅन फर्नांडोच्या वेशीवर काय झाले, तेही ऐकलेत. आपल्या हाती बंदुका नाहीत, देवाची कृपा. परंतु पास तपासणाऱ्या स्वयंसेवकासमोरून हातातली मेणबत्ती तशीच घेऊन जी म्हातारी परत जाईल, ती पुढल्या वर्षी येणार नाही, आणि तिची सूनही येणार नाही. आमचा विचार असा आहे: नोव्हेनेच्या नऊ दिवसांत, ज्या सभागृहात आपण आता बसला आहात, त्याचे रस्त्याकडचे दार सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत उघडे राहील. माउलीची जुनी लहान मूर्ती, जी सध्या वस्तुभांडारात आहे, ती येथे ठेवू. तेलासाठी वेगळे पितळी भांडे, मेणबत्त्यांसाठी वाळूची परात, आणि चपलांसाठी बाहेर मंडप. मिस्सेच्या वेळी मंदिराच्या दारात दोन माणसे उभी राहतील, ती शांतता राखण्यासाठी. कोणास अडविण्यासाठी नव्हे. वाहिलेल्या तांदळाचा वाटा संत व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीने त्याच दिवशी गरजूंच्या घरी पोहोचवावा.

यासाठी रोज दहा स्वयंसेवक लागतील, म्हणजे नऊ दिवसांचे नव्वद. नावे देण्याची वही मंदिराच्या मागच्या बाकाजवळ रविवारपासून ठेविली जाईल. ज्यांनी कुंपणाची सूचना केली, त्यांची नावे पहिल्या पानावर दिसली, तर आम्हांस विशेष आनंद होईल.